तळटीप

बाई दर्यावर लिहीत, आणि त्यांना बोट लागत असे.
रायबंदरहून दिवाडीला जाणारी फेरी
जेमतेम पाच मिनिटांची,
तरी मधल्या धारेत डोळे मिटून,
लिंबाची फोड दातांखाली धरून बसायच्या
डॉक्टर लुदोविना फुर्तादो,
ज्यांच्या पहिल्या पुस्तकात एकशे नव्वद गलबतं आहेत,
प्रत्येकाची शिडं, वजन, कप्तान,
बुडालं असेल तर तारीख.

मी पुडकी आणून द्यायचो. एकतीस वर्षं.
पणजीच्या दफ्तरखान्याला दुपारी एकला कुलूप,
तेव्हा पायरीवर बसून कोरडा पाव खायच्या,
बोटं पुसून, वास घेऊन बघून मगच आत.
कसरीने पाडलेल्या भोकांचा त्यांना राग नव्हता.
शाईनेच खाल्लेल्या अक्षरांना मात्र शिव्या घालत,
पोर्तुगीजमधून, हळू,
मला कळत नाही अशा समजुतीने.

मकाव, बाहिया, मोझांबिक
मी त्यांच्या मागणीचिठ्ठ्यांवरून शिकलो.
दुसरं पुस्तक तंबाखूचं. तिसरं जकातीचं.
तिसऱ्यावर परदेशात कुणीतरी लिहिलं
की यात टन फार, माणसं कमी.
ते कात्रण बाईंनी चष्म्याच्या डबीत ठेवलं.
फाडलं नाही.

मग ते पुडकं, सातशे बारा.
अठराशे सत्तावीस, मोझांबिकहून आलेलं तारू,
मालाची यादी: हस्तिदंत, मेण, कवड्या, कासवाची पाठ.
समासात एक उभी ओळ, मोडीतली.
बाई चार भाषा वाचत. मोडी नाही.
माझ्या आजोबांनी पेडण्यात देवळाचे हिशेब मोडीत ठेवले
आणि मला ती छडीने शिकवली.
वाचू का, मी विचारलं.
बाईंनी खुर्ची सरकवली.
टेबलाच्या त्या बाजूला मी पहिल्यांदाच बसलो.

'बारा दात तडकले. तेराव्या गाठोड्यात
धाकट्याची टोपी आहे, ती वेगळी काढून घरी देणे.'

बाई हसल्या. मोठ्याने, वाचनकक्षात.
मग त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं
आणि एका ओळीवर थांबलं.
काय आहे, बाई?
नग सात.
सात काय?
वय दहा ते बारा, त्या म्हणाल्या.
नावाच्या रकान्यात नुसती रेघ.
'एकाच पानावर, मांद्रेकर.'
त्या दिवशी अडीचनंतर त्या परत आल्या नाहीत.

पुढची नऊ वर्षं गलबतं नाहीत.
बाप्तिस्म्याच्या वह्या, इस्पितळाच्या याद्या,
कुणाच्या मरणानंतर मोजलेली घरातली भांडी.
मी शिडी लावायचो, त्या खालून क्रमांक सांगायच्या.
एक सापडला. जुआंव, स्वयंपाकी,
म्हापशाच्या एका घरात, गेला तेव्हा मागे दोन सदरे.
हा त्या सातांतला, बहुधा.
'बहुधा' हा शब्द बाईंनी तीनदा खोडला
आणि तीनदा परत लिहिला.

चौथं पुस्तक पातळ निघालं. तारू एकच.
ते कात्रणवाले गृहस्थ तोवर वारले होते,
आणि पुस्तकावर कुणी फारसं लिहिलं नाही.
माझी प्रत त्यांनी मला जिन्यात दिली,
घाईत, उसनं परत करावं तशी.
पान दोनशे अकरा, अगदी तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
'मोडी वाचन: श्री. धाकू मांद्रेकर, दफ्तर मदतनीस.
टोपी घरी पोचल्याची नोंद आढळत नाही.'

दिवाडीला त्यांना पुरलं तो मंगळवार होता.
फेरीवर एक मोटरसायकल, पाववाला, आणि मी.
मधल्या धारेत पाणी जरा हललं.
मला बोट लागत नाही, कधीच लागलेली नाही.
तरी निघताना बायकोकडून
लिंबाची फोड मागून घेतली होती.